ओढ्यापलीकडचा कौल

आमचे मास्तर न विचारता पाणीसुद्धा प्यायचे नाहीत. तेही स्वतःच्या घरात, स्वतःच्या माठातलं. तांब्या हातात घेऊन ते आधी स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारायचे, "घेऊ का?" आत बाई भाकरी थापत असायच्या. त्या म्हणायच्या, "घ्या की, मी कधी नको म्हणाले?" त्यावर मास्तर म्हणायचे, "तसं नव्हे, विचारलेलं बरं." माझी खोली त्यांच्या घराला लागून होती, त्यामुळे हा संवाद मी दोन वर्षं दिवसातून चार वेळा ऐकला. पहिल्या महिन्यात हसू यायचं, दुसऱ्या महिन्यात चीड यायला लागली, आणि पुढे पुढे मीसुद्धा तांब्या उचलताना उगाच इकडेतिकडे बघायला लागलो.

गाव घनसावंगीच्या अलीकडे, एका ओढ्याच्या काठी. शाळा सरकारी, म्हणजे हैदराबादच्या सरकारची. एक लांबट खोली, मधे गोणपाटाचा पडदा. पडद्याच्या अलीकडे मास्तरांचे वर्ग, पलीकडे माझे. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो, जालन्याला शिकून नुकताच नोकरीला लागलो होतो, आणि जगात आपल्याला कळत नाही असं फार काही उरलेलं नाही अशी माझी समजूत होती. मास्तर पन्नाशी ओलांडलेले, उंच, हडकुळे. डोक्यावर काळी टोपी आणि कानावर अडकवलेला खडू. वडीगोद्रीच्या बाजाराला जातानाही खडू कानावरच असायचा. भाजीवालीला ते आधी विचारायचे, "विकायची आहे ना नक्की?" ती बिचारी गोंधळून भावच कमी करायची.

वर्गात रोज सकाळी मतदान. आधी गणित की आधी इतिहास? हात वर करा. पोरं कसली सोडतात? एकदा एकानं मधेच तिसरा पर्याय काढला, सुट्टी. दोघं सोडून सगळ्यांनी हात वर केले. मी पडद्याआडून कान लावून बसलो होतो. मास्तर शांतपणे म्हणाले, बहुमताला सुट्टी मंजूर, पण या दोघांना शिकायचं आहे आणि तोही त्यांचा हक्क आहे. मग त्या दोघांना समोर बसवून त्यांनी समुद्रात बुडालेल्या जहाजाची अशी काही गोष्ट सुरू केली की सुट्टीवर गेलेली पोरं दहा मिनिटांत खिडकीला लोंबकळायला लागली. त्यांना आत यायचं होतं. मास्तरांनी आतल्या दोघांना विचारलं, यांना घ्यायचं का? त्यातल्या एकानं पुष्कळ विचार करून आपल्या चुलतभावाला सोडून बाकीच्यांना घ्यायला परवानगी दिली. तो चुलतभाऊ जहाज बुडेपर्यंत बाहेर रडत उभा होता आणि मास्तरांना त्याची दया येत होती, पण ते काही करू शकत नव्हते.

घरी तीन माणसं होती: मास्तर, बाई आणि बाईंच्या आई. भाजी कुठली करायची यावर मत घेतलं जायचं आणि मास्तर नेहमी दोनास एक असे हरायचे. मायलेकींना कारलं प्रिय, त्यामुळे आठवड्यातून तीनदा कारलं. मास्तर ते तोंड वाकडं करून, पण शेवटच्या घासापर्यंत खायचे. मी एकदा म्हटलं, "मास्तर, घरचे कर्ते तुम्ही. सांगा ना सरळ, वांगं करा म्हणून." ते म्हणाले, "वांग्याची चव लागेल हो, पण ते मी त्यांच्यावर लादलेलं वांगं असेल."

या स्वभावापायी त्यांच्या सात बदल्या झाल्या होत्या. एका गावी तालीमात म्हणजे शिक्षण खात्याचे साहेब शाळा तपासायला आले, तेव्हा मास्तरांनी त्यांना पोरांच्या देखत विचारलं होतं की आपल्याला खरंच तपासायचं आहे का, की नुसतं आलं पाहिजे म्हणून आलात. साहेबांचं उत्तर पंधरा दिवसांनी टपालानं आलं. सात वेळा बाईंनी चूल मोडली, सात वेळा भांडी पोत्यात भरली आणि बैलगाडीत आईला मधे बसवून नव्या गावाची वाट धरली. आमच्या गावात मात्र त्यांना चार वर्षं झाली होती. गावानं मास्तरांना वेडं ठरवून टाकलं होतं आणि वेडं ठरलेल्या माणसाला गाव फार त्रास देत नाही. बाई मला म्हणायच्या, "भाऊ, पेन्शनीला दोन वर्षं राहिली. आता आईला गाडीत घालून कुठं नेण्यासारखं नाही. आठव्यांदा चूल माझ्यानं मोडवणार नाही." मास्तर आत बसून ऐकत असायचे आणि काही बोलायचे नाहीत.

अडचण एकच होती. पटावर तीस पोरं असतील तर शाळा, नाही तर कुलूप, असा खात्याचा नियम होता. आमच्या पटावर बरोबर तीस होती. सतरा गावातली आणि तेरा ओढ्यापलीकडच्या वाडीतली. एखादं पोर तापानं पडलं की मी आणि मास्तर आळीपाळीनं त्याच्या उशाशी जाऊन बसायचो.

देशाला स्वातंत्र्य मिळालं ते वर्ष. तिकडे दिल्लीला झेंडा लागला आणि इकडे आमचं काय, हे कुणालाच कळेना. सरकार म्हणत होतं, हैदराबाद स्वतंत्र राहणार. लोक म्हणत होते, आम्ही हिंदुस्थानात जाणार, पण हे हळू आवाजात म्हणत होते, कारण दिवस भीतीचे होते. संध्याकाळी चावडीवर जालन्याहून आलेलं दोन दिवसांचं शिळं वर्तमानपत्र मास्तर वाचून दाखवायचे. पाटील, दोनचार शेतकरी, मी. वाद सुरू झाला की मास्तर पत्राची घडी घालून म्हणायचे, "यात एवढं भांडण्यासारखं काय आहे? इथल्या लोकांना विचारावं. शांतपणे, एकेकाला. राहायचं म्हणाले तर राहावं, जायचं म्हणाले तर जावं. तलवारी कशाला, पोलीस कशाला?" पाटील घाबरून इकडेतिकडे बघत म्हणायचे, "मास्तर, हळू बोला जरा."

एके दिवशी हे सगळं ठकूबाईनं ऐकलं. ठकूबाई म्हणजे वाडीचा शब्द. साठीची विधवा, चार बैलांची शेती एकटीनं ओढणारी. वाडीत लग्न जुळवायचं असो की विहिरीतला गाळ काढायचा असो, तिनं मान हलवल्याशिवाय पान हलत नसे. लेकाचं पत्र वाचून घ्यायला ती चावडीवर आली होती. पत्र बाजूलाच राहिलं. तिनं विचारलं, "मास्तर, हे राज्याचंच आसतंय का कुनाचं बी? वेगळं व्हायचं आसंल तर इचारायचं म्हून?"

मास्तर म्हणाले, कुणाचंही असतं. ज्याला वेगळं व्हायचं त्याला विचारायलाच हवं.

"मंग आमच्या वाडीला इचारा की."

वाडीचं दुखणं सगळ्यांना ठाऊक होतं. ते पोळ्याचं दुखणं होतं. पोळ्याला गावाच्या वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण बांधायचं, पाटलाचा मानाचा बैल पहिला त्याखालून जायचा, मग गावातले सगळे, आणि शेवटी वाडीचे. पण पाटलाचे आणि भाऊबंदांचे बैल गेले की गावची पोरं तोरण ओढून तोडायची आणि पानं लुटायची. वाडीच्या बैलांच्या वाट्याला दरसाल नुसती लोंबती सुतळी यायची. दिवसभर शिंगं रंगवायची, झुली चढवायच्या, आणि सुतळीखालून जायचं. ठकूबाईचा नवरा या सुतळीच्या रागातच गेला असं ती सांगायची. गेला तो खरा काविळीनं. वाडीला आता आपली वेस, आपलं तोरण, आपला पाटील हवा होता. गावाशी नातं तोडून वेगळं गाव व्हायचं होतं.

मास्तरांचा चेहरा मी बघत होतो. वाडी वेगळी झाली तर वाडीची पोरं आपल्या गावची शाळा काढू म्हणून घरी बसणार, हे ठकूबाईच्या बोलण्यातून आधीच दोनदा येऊन गेलं होतं. तेरा गेली की उरतात सतरा. हिशेब मला कळला तसा त्यांनाही कळला. पण शब्द तोंडातून गेला होता, आणि त्यांचा शब्द म्हणजे त्यांचा सगळा संसार. ते म्हणाले, "विचारू. पुढच्या आठवड्यात विचारू."

घरी येताना मी म्हटलं, मास्तर, निदान वाडीला सांगा तरी, की तुम्ही गेलात तर शाळा जाईल आणि आम्हीही जाऊ. ते रस्त्यात थांबले. "बिलकुल सांगायचं नाही. सांगितलं तर ते माझ्याकडे बघून मत देतील. मग ते वाडीचं मत कसं राहील? तुम्ही तोंड बंद ठेवायचं." मी तोंड बंद ठेवलं, आणि मनातल्या मनात त्यांना काय काय म्हणालो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मत कुणी द्यायचं यावर चार दिवस गेले. पाटलांचं म्हणणं, गाव एक आहे तर सगळ्या गावानं द्यावं. साहजिकच होतं, गावाची माणसं वाडीच्या तिप्पट. मास्तरांनी त्यांना विचारलं, "सुनेला वेगळी चूल मांडायची असली तर कुणाला विचारायचं, सुनेला की सासूला?" पाटील आणि जमलेले झाडून सगळे एका सुरात म्हणाले, सासूला. मास्तरांनी हा दाखला पुन्हा कधी दिला नाही. शेवटी ठरलं की जे जाणार त्यांनाच विचारायचं, आणि बायकांनाही विचारायचं. त्यावर वाडीचे पुरुष खूप हसले, पण ठकूबाईनं एकदा बघितल्यावर थांबले.

पद्धत मास्तरांनी स्वतः काढली होती. वाडीच्या मारुतीच्या देवळात, घोंगडीच्या आडोशाला एक मडकं. प्रत्येकाला दोन दाणे द्यायचे, एक ज्वारीचा आणि एक तुरीचा. एकत्र राहायचं असेल तर ज्वारी टाकायची, वेगळं व्हायचं असेल तर तूर. उरलेला दाणा गुपचूप खिशात घालायचा किंवा खाऊन टाकायचा. कुणी काय टाकलं ते कुणाला कळायचं नाही. हे समजावून सांगायला त्यांनी वाडीला पारावर बसवलं आणि सुरुवात केली जुन्या काळच्या गणराज्यांपासून. दीड तासानं ते मडक्यापाशी पोचले तेव्हा अर्धी वाडी पेंगत होती आणि उरलेली अर्धी बैलांना पाणी दाखवायला गेली होती.

मतदान छान पार पडलं. मी देवळाबाहेर बसून एकेकाला दोन दोन दाणे देत होतो. बायका आंघोळी करून, लुगडं बदलून आल्या होत्या आणि माझ्या दाण्यांना हात जोडून आत जात होत्या. मला कौतुक वाटलं. एकीच्याही पदराकडे माझं लक्ष गेलं नाही.

दुपारी मास्तरांनी घोंगडी बाजूला केली आणि बघतात तर मडकं काठोकाठ भरलेलं. शेजारी एक टोपलं, तेही भरलेलं. वाडीत मतदार एकशेपाच आणि मतं दोन पायल्या. सगळी ज्वारी, वर कुठं कुठं चिमूटभर हळदकुंकू. तूर शोधावी लागत होती.

झालं होतं ते असं. मारुतीसमोर धान्याचं मडकं ठेवलेलं, आणि त्यात एक दाणा टाकायचा? वाडीतली कुठली बाई देवापुढे एक दाणा टाकेल? तिला त्याची लाज वाटली. प्रत्येकीनं घरून ओंजळभर आणलं, कुणी पसाभर, एकीनं लेकराच्या नवसाचं सूपभर आणून ओतलं. आणि श्रावणात घरात असते ती ज्वारी. तूर तोवर संपलेली असते, असली तरी ती देवाला कोण घालतं? मास्तरांनी ठकूबाईला विचारलं, तुम्ही किती टाकलीत? ती म्हणाली, "पायलीचा चौथा हिस्सा. आन् तुमचा तुरीचा दाना बी टाकला. त्यो मताचा व्हता, ज्वारी देवाची."

पाटील खूष. त्यांनी तिथल्या तिथे नारळ मागवला. ज्वारी जिंकली, वाडी गावातच राहणार, मास्तरांनी न्याय केला. मीही खूष होतो, खोटं कशाला बोलू. शाळा वाचली होती, आणि तीही कुणाच्या लबाडीशिवाय, देवाच्या दयेनं. मी मास्तरांच्या कानाशी लागून म्हटलं, आता काही बोलू नका. ते मडक्यात हात घालून बराच वेळ ज्वारी बोटांतून गाळत बसले. मग उभे राहिले आणि म्हणाले, "हे मत नव्हे. हे दान आहे. मतदान रद्द. पुन्हा घ्यायचं."

पाटलांच्या हातातला नारळ तसाच राहिला. त्या रात्री बाईंनी मत न घेता कारलं केलं.

या सगळ्याची बातमी तालुक्याला, अंबडला पोचायला चार दिवस लागले. कुणीतरी कळवलं की अमुक गावचा मास्तर आजादीसाठी लोकांची मतं गोळा करतो आहे. पोलिसांचे अमीनसाहेब घोड्यावरून आले, दोन शिपाई मागं. शाळेत माझ्या खुर्चीवर बसले. मी पडद्याच्या पलीकडे उभा राहून ऐकत होतो. साहेबांनी विचारलं, कुणाची आजादी? मास्तर म्हणाले, वाडीची. कुणापासून? गावापासून. कशावरून? पोळ्याच्या तोरणावरून. साहेबांनी पेन काढलं, ठेवलं, पुन्हा काढलं. त्यांची अडचण मला पडद्याआडूनही दिसत होती. त्या महिन्यांत स्वतंत्र राहायचं हे खुद्द सरकारचंच म्हणणं होतं. लहानानं मोठ्यापासून वेगळं होऊ नये असं लिहावं तर सरकारच्या विरुद्ध जातं. लोकांना विचारून व्हावं असं लिहावं तर दिल्लीचं बोलणं होतं. शेवटी ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "मास्तर, आजादी मांगने में कुछ हरकत नै. सरकार खुद मांग रै. मगर लोगां को पूछनाच कायकू?"

मास्तर म्हणाले, "नै पूछे तो मालूम कैसा होना, साहेब?"

साहेबांनी यावर खरोखर विचार केला. माणूस वाईट नव्हता. जेवण करून, थोडा वेळ आडवे होऊन ते निघाले, आणि गावात बैलांच्या सणावरून किरकोळ कुरबुर आहे एवढाच शेरा मारून गेले.

वर्षभरानं हिंदी फौजा आल्या आणि चारपाच दिवसांत सगळा निकाल लागला. तेव्हा मास्तर कुठे होते ते आत्ता सांगत नाही, पण होते तिथे त्यांनी गूळ वाटला आणि लहान पोरासारखे रस्त्यातून हिंडले. त्यांना हिंदुस्थानातच जायचं होतं, त्यात कधी शंका नव्हती. संध्याकाळी मात्र ओट्यावर बसून मला म्हणाले, "विचारलं असतं तरी आपण सगळ्यांनी हेच सांगितलं असतं की नाही?" मी म्हटलं, अलबत. "मग विचारायला काय जात होतं?" मी म्हटलं, मास्तर, आज तरी गूळ गोड लागू द्या.

तर वाडीचं दुसरं मतदान. या वेळी धान्य नाही. ओढ्यातल्या पांढऱ्या गारगोट्या आणि काळे खडे. दगड कुणी ओंजळीनं आणत नाही. पांढरा एकत्र, काळा वेगळं. एका काळ्या खड्याला कुंकू लावलेलं निघालं. पाटलांनी हरकत घेतली, पण मास्तर म्हणाले, देणाऱ्याची भावना जोरात आहे एवढंच, मत एकच धरू. अठ्ठेचाळीस पांढरे, सत्तावन्न काळे. मास्तरांनी आकडे खणखणीत आवाजात वाचले आणि ठकूबाईला नमस्कार करून म्हणाले, "झालं तुमचं गाव."

त्या पोळ्याला वाडीनं आपल्या तोंडाशी दोन बाभळीचे वासे रोवून तोरण बांधलं. ठकूबाईचा बैल पहिला गेला. तिकडे बघताना मीही टाळ्या वाजवल्या, हे कबूल करतो. वाडीतला एक जण मात्र कुणालाच दुखवायला तयार नव्हता. त्यानं जोडीतला एक बैल गावच्या वेशीतून नेला आणि दुसरा वाडीच्या, आणि दोन्ही ठिकाणी पुरणपोळी खाऊन तीन दिवस आजारी पडला.

दुसऱ्या दिवसापासून वाडीची तेरा पोरं शाळेत आली नाहीत. राग नव्हता. परगावच्या शाळेत कशाला, आपण आपली काढू, असा वाडीचा भोळा हिशेब होता. दिवाळीनंतर खात्याला पट पाठवायची वेळ आली. मी मास्तरांना म्हटलं, तेरा नावं हजेरीत राहू द्या, तपासायला कोण येतंय? ते म्हणाले, "जे गेले ते गेले. कागदावर धरून ठेवायचे तर मतं कशाला घेतली?" आणि स्वतःच्या हातानं सतरा लिहिलं.

पौषात हुकूम आला. महिनाअखेरपर्यंत पट तीसवर आला नाही तर शाळा बंद, मला घरचा रस्ता, आणि मास्तरांची बदली भोकरदनकडे, केदारखेड्याला. बाईंनी हुकूम ऐकला आणि फळीवरचे डबे एकेक करून खाली काढायला लागल्या. त्यांच्या आई विचारत होत्या, "आता कुठं गं?" ते मला बघवेना. मी मास्तरांची आज्ञा मोडली आणि सरळ ओढा ओलांडून ठकूबाईकडे गेलो. सगळं सांगितलं.

ती चिडली. "ही गोष्ट मताच्या आधी का न्हाई सांगितली?" मी म्हटलं, मास्तरांनी अडवलं. त्यांच्याकडे बघून तुम्ही मत द्यावं असं त्यांना नको होतं. "मंग बराबर केलं त्यानं," ती म्हणाली, आणि तिनं वाडीला बोलावणं धाडलं. नव्या गावाची ती पहिली बैठक. गाव आपलं, तोरण आपलं, पण शाळा आत्ताच्या आत्ता निघत नाही. तेव्हा पोरं पलीकडच्या शाळेत धाडायची, परगावची म्हणून, ताठ मानेनं धाडायची, असं ठरलं. सकाळी बारा पोरं ओढा ओलांडून आली.

बारा. ठकूबाईचा नातू आला नव्हता.

एकोणतीसवर गाडी अडली. मी पुन्हा पळालो. ठकूबाई म्हणाली, "वाडीनं ठरवलं, वाडीची पोरं आली. माजा नातू माज्या घरचा. मला येक सांगा धाकले मास्तर, त्या मानसाला ऱ्हायचं हाय का जायचं हाय?"

मी म्हटलं, राहायचं असणारच.

"तुमाला सांगितलं त्यानं?"

मी आठवून बघितलं. बाईंनी सांगितलं होतं. त्यांनी कधीच नाही. तसाच परत आलो. पाटलांनी मास्तरांना गळ घातली की एकदा जाऊन तिला विनवा, एका पोराचा तर प्रश्न आहे. मास्तर म्हणाले, नातू तिचा, धाडायचा की नाही हे तिनं ठरवायचं, मी भीड घालणार नाही. असे बारा दिवस गेले. महिना संपायला एक दिवस उरला. दारात गाडी उभी राहिली, पोती चढली, बाईंच्या आईसाठी मधे गोधडी अंथरली.

तेवढ्यात ठकूबाई आली. एकटीच. गाडीकडे बघितलंही नाही. हातात पाटावरवंट्यातला वरवंटा घेऊन मास्तर उंबऱ्यात उभे होते, त्यांच्यासमोर जाऊन थांबली.

"मास्तर, तुमी दुनियेला इचारत फिरले. आता मी तुमाला इचारून राह्यले. तुमाला ऱ्हायचं हाय का जायचं हाय?"

मास्तर म्हणाले, "त्याचं असं आहे ठकूबाई, एक तर हुकूम खात्याचा, शिवाय पोरगा तुमचा, तेव्हा माझ्या इच्छेचा इथे..."

"लांबन नगं. तुमाला काय वाटून राह्यलं ते सांगा."

मास्तरांनी बाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे. वर्गात उत्तर न येणारं पोर बघतं तसं बघितलं. आयुष्यभर पुस्तकातलं शुद्ध बोलणारा तो माणूस शेवटी वाडीच्या बोलीत म्हणाला, "ऱ्हायचंय. मला हितंच ऱ्हायचंय." आणि वरवंटा तसाच छातीशी धरून ढसाढसा रडायला लागला.

"मंग बोलावं न्हाई का मानसानं येवढे दिस?"

"कुणी विचारलं नाही," मास्तर म्हणाले.

ठकूबाईनं त्यांच्या हातातून वरवंटा काढून घेतला आणि आत नेऊन ठेवला. पोरगा सकाळी येईल म्हणाली आणि ओढ्याकडे चालू लागली. गाडीवाला बैल सोडायला लागला. बाई मला म्हणाल्या, भाऊ, पोती उतरवू लागा. मी मान वर न करता पोती उतरवत राहिलो. दोन वर्षं त्या माणसाच्या शेजारी राहिलो, त्याच्या घरी जेवलो, त्याच्या विचारण्याची गावभर टिंगल केली, आणि एवढा एक प्रश्न मीसुद्धा त्याला कधी विचारला नव्हता.